उमेदवारी अर्जातला एक रकाना : मॉरिशसची संसद आणि हरलेल्यांच्या आठ जागा

मॉरिशसमध्ये खासदारकीला उभं राहायचं तर उमेदवारी अर्जात आपला समुदाय लिहावा लागतो. पर्याय चार. हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन, आणि या तिन्हींत न बसणाऱ्या सगळ्यांसाठी ‘जनरल पॉप्युलेशन’, म्हणजे सर्वसाधारण लोक. रकाना कोरा सोडला की अर्ज बाद.

जुलै २००५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ‘रेझिस्तांस एक अल्तेर्नातिव’ या डाव्या संघटनेच्या उमेदवारांनी तो रकाना जाणूनबुजून कोरा सोडला. आम्ही मॉरिशसचे नागरिक आहोत, मतं मागायला एवढी ओळख पुरे, असं त्यांचं म्हणणं. अर्ज बाद झाले. देशातल्या न्यायालयांत दाद लागली नाही, तेव्हा प्रकरण २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेलं. एका रकान्यासाठी माणसं इतकी का झगडली, आणि सरकारनंही तो का सोडला नाही, हे समजायला त्या देशाची संसद कशी बनते हे आधी पाहावं लागतं. कारण हा रकाना काढला की संसदेतल्या आठ खुर्च्या भरायचं सूत्रच चालेनासं होतं.

बासष्ट अधिक आठ

मॉरिशसला एकच सभागृह आहे, नॅशनल असेंब्ली, राजधानी पोर्ट लुईत. मुदत पाच वर्षांची. मुख्य बेटाचे २० मतदारसंघ, प्रत्येकातून तीन खासदार. पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर असलेलं रॉड्रिग्ज बेट हा २१ वा मतदारसंघ, तिथून दोन. म्हणजे निवडून येणारे ६२. त्यांच्यावर जास्तीत जास्त आठ जणांना हरल्यानंतर सभागृहात घेतलं जातं. त्यांना इंग्रजी, फ्रेंच, क्रिओल, कुठल्याही भाषेत ‘बेस्ट लूजर’ असंच म्हणतात.

तिथे मतदारसंघ नावापेक्षा नंबराने ओळखले जातात. पाच नंबर म्हणजे पाम्प्लमूस आणि त्रिओले, आठ नंबर म्हणजे कार्तिये मिलितेर आणि मोका, चौदा नंबर म्हणजे सावान आणि ब्लॅक रिव्हर. मतपत्रिकेवर उमेदवार आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे असतात आणि नावापुढे पक्षाची खूण: लेबरची किल्ली, एमएमएमचं हृदय, एमएसएमचा सूर्य, पीएमएसडीचा कोंबडा. मतदाराने बरोबर तीन नावांपुढे फुली मारायची. दोन मारल्या तर मत बाद, चार मारल्या तरी बाद. रॉड्रिग्जमध्ये दोनच. तीन फुल्या तीन वेगवेगळ्या पक्षांना देता येतात, पण प्रचारात प्रत्येक पक्ष ओरडून सांगतो ते एकच: ‘ब्लॉक’ मारा, तिन्ही आम्हाला.

मतदारांचं वाटप सारखं नाही. तीन नंबरात, म्हणजे पोर्ट लुईच्या बंदराकडच्या दाट वस्तीत, जेवढे मतदार आहेत त्याच्या सुमारे तिप्पट चौदा नंबरात आहेत, आणि खासदार दोन्हीकडे तीनच. यामागे हेतू होता. तीन नंबर ही मुसलमानबहुल वस्ती, तिला स्वतःचा आवाज मिळावा म्हणून तो मतदारसंघ वेगळा काढला गेला.

मराठी वाचकाला नवल वाटेल अशी आणखी एक गोष्ट. राष्ट्रकुल देशाचा कुठलाही प्रौढ नागरिक तिथे दोन वर्षं राहिलेला असेल तर त्याला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर तिथे नोकरी करणारा माणूससुद्धा खासदार निवडू शकतो. अटी पुऱ्या केल्या तर उभाही राहू शकतो, मात्र त्याला इंग्रजी बोलता-वाचता यायला हवं. सभागृहाची अधिकृत भाषा इंग्रजी, आणि अध्यक्षांना उद्देशून फ्रेंचमध्ये बोलायची मुभा आहे. घराघरांत बोलली जाणारी क्रिओल संविधानाच्या या कलमात नाही.

भीती कुठून आली

आठ जागांची ही सोय १९६० च्या दशकातल्या भीतीतून आली. बेटावर मूळचा कोणीच नाही. डच आले, गेले. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. इंग्रजांनी गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी भारतातून गिरमिटिये आणले. भोजपुरी मुलखातून सर्वांत जास्त, शिवाय तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले, घाटावरचे मराठी लोक. चिनी व्यापारी आले. १९५९ मध्ये पहिल्यांदा सर्व प्रौढांना मत मिळालं आणि आकड्यांनी सांगितलं की स्वतंत्र मॉरिशसमध्ये सत्ता बहुतेक हिंदूंच्या हाती जाणार. क्रिओल (म्हणजे त्या गुलामांचे वंशज), गोरे मळेवाले, चिनी आणि मुसलमान, सगळ्यांना वेगवेगळ्या कारणांनी धास्ती वाटत होती.

सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनला घटना परिषद झाली. शिवसागर रामगुलाम यांच्या लेबर पक्षाला स्वातंत्र्य हवं होतं, गायताँ दुवाल ज्यात पुढे येत होते त्या पीएमएसडीला ब्रिटनशी नातं टिकवायचं होतं, आणि अब्दुल रझाक मोहम्मद यांच्या मुस्लिम कृती समितीला हमी हवी होती की मुसलमान प्रतिनिधी पुसले जाणार नाहीत. १९६६ मध्ये सर हॅरॉल्ड बॅनवेल यांच्या आयोगाने २० तिहेरी मतदारसंघांचा नकाशा दिला. तोल सावरायचं सूत्रही सुचवलं, पण त्यावर काहूर माजलं. शेवटी ब्रिटिश मंत्री जॉन स्टोनहाउस बेटावर आले आणि तडजोड झाली: आठ बेस्ट लूजर.

पहिली परीक्षा ७ ऑगस्ट १९६७ ला. स्वातंत्र्यवाद्यांना सुमारे ५६ टक्के मतं आणि ३९ जागा, पीएमएसडीला ४४ टक्के आणि २३. आठ जागा दोघांत चार-चार वाटल्या गेल्या, ४३ विरुद्ध २७ झाले. म्हणजे सूत्राने समुदायांचा तोल सावरला आणि पक्षांमधलं अंतर जसंच्या तसं ठेवलं. तरीही जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगल पेटली, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. १२ मार्च १९६८ ला झेंडा चढला तेव्हा या घटना जेमतेम दोन महिने जुन्या होत्या. त्या वेळच्या नेत्यांना आज दोष देणं मला जमत नाही. घर पेटलेलं असताना त्यांनी हाताला लागेल ते पाणी ओतलं.

सूत्र

बेस्ट लूजर कसा ठरतो, हे मी वहीवर मांडून पाहिलं तेव्हाच मला नीट कळलं. म्हणून तसंच मांडतो.

पहिल्या चार जागा पक्ष न पाहता दिल्या जातात. प्रत्येक समुदायाची लोकसंख्या घ्यायची, आणि तिला त्या समुदायाच्या निवडून आलेल्या खासदारांत एक मिळवून भागायचं. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याला सर्वांत कमी प्रतिनिधित्व मिळालं, म्हणून पहिली जागा त्याची. त्या समुदायाच्या, पक्षाच्या चिन्हावर लढून हरलेल्या उमेदवारांत ज्याला आपल्या मतदारसंघात सर्वांत जास्त टक्के मतं पडली, तो आत. मग पुन्हा भागाकार, पुन्हा जागा. अपक्षाला यात स्थान नाही.

लोकसंख्येचे आकडे हजारांत गोल करून घेऊ: हिंदू ४,२८,०००, जनरल पॉप्युलेशन २,६१,०००, मुसलमान १,३७,०००, चिनी-मॉरिशियन २४,०००. समजा एका निवडणुकीत हिंदू ३७, जनरल १७, मुसलमान ७ आणि चिनी १ निवडून आले. हे आकडे माझे, उदाहरणापुरते. मुसलमानांसाठी १,३७,००० भागिले ८, म्हणजे १७,१२५. जनरलसाठी २,६१,००० भागिले १८, म्हणजे १४,५००. चिनी १२,०००, हिंदू ११,२६३. पहिली जागा मुसलमान उमेदवाराला. आता त्यांचा भाजक ९ झाला, भागाकार १५,२२२, तरी सर्वांत वर. दुसरीही त्यांचीच. आता ते १३,७०० वर उतरले, म्हणून तिसरी जनरलची, आणि जनरल उतरून १३,७३७ वर आले. चौथ्या जागेसाठी १३,७३७ आणि १३,७०० समोरासमोर. जागा जनरलची.

या हिशेबात १९७२ साली चार-पाचशे मुसलमान जास्त मोजले गेले असते तर चौथी खुर्ची फिरली असती. १९७२ हे साल मी उदाहरणासाठी घेतलेलं नाही. वरची लोकसंख्या खरोखर त्याच सालची आहे आणि आजही तीच वापरली जाते. त्यानंतरच्या जनगणनांत समुदायाचा प्रश्नच विचारला गेला नाही. १९८२ मध्ये नव्या सरकारने, माणसांची अशी वर्गवारी नको म्हणून, तो प्रश्न काढून टाकला. हेतू चांगलाच होता. पण बेस्ट लूजरची सोय मात्र ठेवली, आणि संविधानात दुरुस्ती करून हिशेबासाठी १९७२ चे आकडे कायम केले. तेव्हा देशात साडेआठ लाख माणसं होती, आज साडेबारा लाखांच्या घरात आहेत. अंश गोठलेला, भाजक दर निवडणुकीला ताजा. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

उरलेल्या चार जागा पहिल्या चारांमुळे पक्षांचा बिघडलेला तोल परत सावरायला असतात. पहिल्या चारांत विरोधकांना जेवढ्या गेल्या तेवढ्या, जमेल तितक्या, जिंकलेल्या पक्षाच्या हरलेल्या उमेदवारांना. पण जिंकलेल्यांकडे हरलेला कोणी शिल्लकच नसेल तर?

साठ-शून्य

असं तीनदा झालं आहे. १९८२, १९९५ आणि नोव्हेंबर २०२४. तिन्ही वेळा विरोधी आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा जिंकल्या. जिंकणाऱ्यांची मतं साधारण साठ ते पासष्ट टक्क्यांच्या दरम्यान. म्हणजे दर तिसऱ्या मतदाराचं मत मुख्य बेटावर कुठेच उमटलं नाही. ब्लॉक मतदानाचा हा स्वभाव आहे. वारा एका बाजूने वाहिला की तिन्ही जागा एकदम पडतात. उलट बाजूनेही तेच. २०१९ मध्ये जिंकलेल्या आघाडीला सुमारे ३७ टक्के मतं होती, आणि बासष्टांपैकी ३८ जागा.

तिन्ही साठ-शून्यांत सत्तेवरचा पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघात पडला. १९८२ ला पाच नंबरात खुद्द शिवसागर रामगुलाम, ज्यांनी देशाला स्वातंत्र्य मिळवून दिलं. १९९५ ला अनिरुद्ध जगन्नाथ. २०२४ ला आठ नंबरात त्यांचे पुत्र प्रविंद जगन्नाथ. तिघांपैकी कोणीही बेस्ट लूजर म्हणून परतला नाही. हिंदू खासदार पुरेसे असतात, त्यामुळे त्या समुदायाचा भागाकार वर येत नाही.

आणि तरीही तिन्ही वेळा सभागृहात विरोधी बाकांवर माणसं बसली ती याच सोयीमुळे. जिंकलेल्यांकडे हरलेला उमेदवार नव्हता, म्हणून तिन्ही वेळा आठऐवजी चारच बेस्ट लूजर नेमले गेले आणि सभागृह ६६ चं झालं. १९८२ ला आणि १९९५ नंतर विरोधी पक्षनेते झाले ते गायताँ दुवाल, दोन्ही वेळा बेस्ट लूजर. २०२४ मध्ये ती खुर्ची ज्यो लेजाँगार यांना मिळाली, तेही बेस्ट लूजर. मॉरिशसमध्ये विरोधी पक्षनेता हे संविधानातलं पद आहे, अनेक नेमणुकांत त्याचा सल्ला घ्यावा लागतो. दुवाल यांच्यासारखा तोफखाना साठ जणांसमोर एकटा उभा राहत असेल तेव्हा त्या सभागृहात काय वातावरण असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. जमातींच्या भीतीपोटी केलेली सोय शेवटी विरोधी पक्षाचा श्वास चालू ठेवायच्या कामी आली. १९६६ मध्ये ती करणाऱ्यांच्या मनात हे मुख्य काम नव्हतं.

रकान्यात कोण बसतं

आता पुन्हा रकान्याकडे. संविधान म्हणतं की जो माणूस त्याच्या जीवनपद्धतीवरून हिंदू, मुसलमान किंवा चिनी वाटत नाही, तो जनरल पॉप्युलेशन. चारांपैकी दोन समुदाय धर्मावरून ठरतात, एक वंशावरून, आणि एक ‘बाकी’. या ‘बाकी’त उसाच्या मळ्याचा गोरा मालक आणि त्याच मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांचा वंशज शेजारी शेजारी बसतात. उमेदवाराने लिहिलेलं कोणाला खोटं वाटलं तर त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देता येतं, आणि मग न्यायाधीशाने समोरच्या माणसाच्या राहणीवरून त्याचा समुदाय ठरवायचा. हे ठरवायचं कसं? घरातल्या देव्हाऱ्यावरून? आडनावावरून? ‘लालित’ या दुसऱ्या डाव्या पक्षाच्या उमेदवारांनी निषेध म्हणून चिठ्ठ्या टाकून आपले समुदाय ठरवले. मला त्यात खोडसाळपणा दिसत नाही. प्रश्नच असा असेल तर त्याहून प्रामाणिक उत्तर कोणतं द्यायचं?

आपल्या माणसांचं काय होतं, हेही इथेच सांगायला हवं. मॉरिशसच्या मराठी लोकांनी भाषा, देव आणि गणेशोत्सव दीडशे-पावणेदोनशे वर्षं जपला. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, कास्काव्हेलला गणपतीचं देऊळ आहे, मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. ते लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. पण उमेदवारी अर्जात ‘मराठी’ असा पर्याय नाही. तमिळ नाही, तेलुगू नाही. व्हाक्वाचा मराठी उमेदवार हिंदू म्हणून मोजला जातो. पक्ष मात्र तिकिटं वाटताना हे सगळे वेगळे हिशेब बारकाईने करतात, कुठल्या नंबरात मराठी द्यायचा, कुठे तमिळ, कुठे तेलुगू. म्हणजे कागदावर चार समुदाय आणि व्यवहारात त्याहून कितीतरी जास्त. मराठीसाठी पाचवा रकाना मागावा असं मात्र मला वाटत नाही. एकदा तो दिला की सहावा, सातवा मागणारे उभे राहतील, आणि त्यांचंही चूक म्हणता येणार नाही.

जिनिव्हा आणि नंतर

जुलै २०१२ मध्ये मानवाधिकार समितीने निर्णय दिला. समुदायांचं प्रतिनिधित्व जपण्याचा उद्देशच चुकीचा, असं समितीने म्हटलं नाही. तिने नेमकं बोट ठेवलं ते आकड्यांवर: १९७२ नंतर समुदायांची मोजणीच झालेली नसताना उमेदवारावर समुदाय जाहीर करायची सक्ती ठेवणं मनमानी ठरतं आणि निवडणूक लढवण्याच्या हक्काचा भंग करतं. समुदायावर आधारलेली ही पद्धत आजही लागते का, हे तपासून पाहा, असंही मॉरिशसला सांगितलं.

मॉरिशसने २०१४ मध्ये तात्पुरता कायदा केला. त्या वर्षीच्या डिसेंबरमधल्या निवडणुकीपुरती समुदायाची घोषणा ऐच्छिक झाली. जो सांगणार नाही तो लढू शकतो, फक्त हरल्यास बेस्ट लूजरसाठी त्याचा विचार होणार नाही. मला हा तोडगा साधा आणि न्याय्य वाटतो. ज्याला सोय नको त्याच्यावर ओळख लादायची नाही. पण कायदा एकाच निवडणुकीपुरता होता. २०१९ ला जुना नियम परतला आणि रकाना कोरा सोडणाऱ्यांचे अर्ज पुन्हा बाद झाले. चौदा वर्षांची लढाई, आंतरराष्ट्रीय समितीचा निर्णय हाती, आणि टेबलावर पुन्हा तोच अर्ज.

कायमची दुरुस्ती काय असू शकते, हे देशाला ठाऊक नाही असं नाही. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने ६२ जागा तशाच ठेवून वर ३० जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात द्याव्यात असं सुचवलं. रॉड्रिग्जच्या प्रादेशिक सभेत काही जागा मतांच्या प्रमाणात दिल्या जातातच. तेच मुख्य सभागृहात आणलं तर साठ-शून्य झालं तरी एकतृतीयांश मतदारांचा आवाज आत राहील, आणि त्यासाठी कोणाला धर्म विचारावा लागणार नाही. माझं मत इथे स्पष्ट आहे: आठ जागांमागचं काम ठेवा, रकाना काढा. अल्पसंख्याकांची भीती मी हलकी मानत नाही. तीन नंबरात राहणाऱ्या मुसलमान मतदाराला या आठ जागा आपल्या वाटतात, आणि आधी पर्याय हातात ठेवल्याशिवाय त्या काढून घेणं अन्याय होईल. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने पर्यायाचं विधेयक आणलं होतं, पण ते पार पडलं नाही.

अडचण संख्येची आहे. हे कलम बदलायला सभागृहातल्या तीनचतुर्थांश सदस्यांचा होकार लागतो. ७० च्या सभागृहात ५३, आणि एवढे सहसा कोणत्याही सरकारकडे नसतात. ज्या पद्धतीने ते निवडून आले ती बदलायची घाईही कोणाला नसते. २०२४ च्या निकालानंतर सभागृह ६६ चं होतं, म्हणजे लागत होते ५०. जिंकलेल्या आघाडीने प्रचारात निवडणूक सुधारणेचं वचन दिलं होतं, आणि निकालाच्या दिवशी तिच्याकडे ६० खासदार होते.